गुपित मनात नको, सॅकमध्ये ठेवा

प्रश्न सोलापुरातल्याच एका नव्या लेखकाचा आहे. थोडक्यात असा: "माझी पहिली रहस्यकादंबरी चालू आहे. सोलापूरचं जोडपं, लग्नाला सहा वर्षं. नवऱ्याचा यंत्रमागाचा कारखाना कर्जात बुडालाय आणि त्याने बायकोला न कळवता तिच्या नावावर मोठी विमा पॉलिसी काढलीय. बायको लग्नाआधी, आठ वर्षांपूर्वी, एका मित्राबरोबर हरिश्चंद्रगडावर गेली होती. मित्र कड्यावरून पडून वारला. हे तिने नवऱ्याला कधीच सांगितलेलं नाही. आता मे महिन्यात नवरा तिला त्याच गडावर तीन दिवस घेऊन जातो. १४० पानं झाली. ज्यांना वाचायला दिलं ते म्हणतात, पहिली ९० पानं नुसतं चालणं आहे आणि मग दोघं एका रात्रीत बसून सगळं बोलून टाकतात. काय चुकतंय? आणि शेवटी कोणाला जिवंत ठेवू?"

९० पानं चालण्यात गेली तर जाऊ द्या. माझी तक्रार वेगळी आहे. तुम्ही पाठवलेली पहिली ३० पानं नीट वाचली, पुढचा मसुदा चाळला. त्यात दोघांच्याही मनात भलंमोठं काहीतरी आहे आणि त्यापायी कुणाला एक घोट पाणीसुद्धा कमी पडत नाही. मी सत्तावीस वर्षं सोलापुरातून पोरापोरींना सह्याद्रीत नेते आणि गेली बारा-तेरा वर्षं लोकांची हस्तलिखितं तपासते. मनातल्या गुपिताला वजन नसतं. ते घेऊन माणूस सोलापूरच्या सात रस्ता चौकात चहा पितो, तसाच हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरही पितो. मग गोष्ट डोंगरात नेलीत कशाला? घरातल्या हॉलमध्येच झाली असती, बसभाडं वाचलं असतं.

डोंगरातलं गुपित लपवायला माणसाला काहीतरी सोडावं लागलं पाहिजे. वाट बदलावी लागेल, पाणी सोडावं लागेल, नाहीतर ज्याच्यावर भरवसा नाही त्याच्या हाती दोर द्यावा लागेल. असं एक गुपित तुमच्याकडे तयार आहे, बायकोचं. तुम्ही ते गाठोड्यात बांधून ९० पानं नुसतं वाहून नेलंत.

आधी महिना बदला. मे का निवडलात ते कळतं. कारखाना बंद, सुट्ट्या, आणि "आपण सोलापूरचे, आपल्याला उन्हाचं काय" ही आपली जुनी फुशारकी. माझ्याबरोबर आलेली धट्टीकट्टी सोलापूरची पोरं कोकणच्या अंगाने चढताना पहिल्या तासात मटकन खाली बसलेली मी पाहिली आहेत, तेही आपल्यापेक्षा पाच-सहा अंश कमी उन्हात. आपल्याकडे घाम येतो आणि उडून जातो, शर्टावर मिठाचे पांढरे नकाशे उरतात. घाटाखाली हवा आधीच ओलीचिंब असते, घाम उडत नाही आणि अंग निवत नाही. मे महिनाच हवा असेल तर हे वापरा, चांगलं प्रकरण होईल. पण तुमची गोष्ट मेची नाही, सप्टेंबरअखेरची आहे. दोन कारणं सांगते.

पहिलं कारण कारवी. सह्याद्रीच्या उतारावर डोक्याएवढं माजणारं हे झुडूप वर्षानुवर्षं नुसतं हिरवं असतं आणि बहुतेक आठव्या वर्षी, कुठे सातव्या, सगळं एकदम फुलतं. अख्खा उतार जांभळा होतो. मग बी धरून ते झुडूप वाळून जातं. तुम्ही आठ वर्षं हा आकडा कशावरून घेतलात माहीत नाही, पण नशीबवान आहात. ज्या वर्षी तो मित्र गेला त्या वर्षी कारवी फुलली होती, आणि आता पुन्हा फुलली आहे. चढताना बायकोच्या तोंडून सहज निसटतं, "मागच्या वेळी याहून गडद होती." नवरा पुढे चालतोय, त्याने ऐकलंही नसेल. शंभर पानांनी त्याला कुणीतरी सांगतं की कारवी आठ वर्षांनी फुलते, आणि तो हिशेब मांडतो. लग्नाला सहा वर्षं झाली. मग 'मागची वेळ' कुणाबरोबरची? हा दुवा तुम्ही वाचकाच्या डोळ्यांदेखत ठेवलेला असेल, म्हणून फसवल्याची तक्रार करायला त्याला जागा राहणार नाही. एक खबरदारी घ्या. वेगवेगळ्या डोंगरांवर फुलण्याचं वर्ष वेगळं पडतं. कादंबरीत साल छापणार असाल तर गडाच्या पायथ्याच्या पाचनई गावात जाऊन एखाद्या म्हाताऱ्याला विचारा, त्याला तोंडपाठ असेल.

दुसरं कारण नळीची वाट. गडावर जायला पाचनईची वाट सोपी. खिरेश्वरहून टोलार खिंडीतून येणारी लांब आणि दमवणारी, पण सरळ. बेलपाड्याहून कोकणकड्याच्या कुशीतून चढणारी नळी मात्र मोठमोठ्या धोंड्यांची घळ आहे, मध्ये दोर लावावा असे कातळटप्पे आहेत. सरावाचे गटसुद्धा ती हिवाळ्यात करतात. पावसाळ्यात अशी घळ ही पाण्याची वाट असते. वरचं सगळं पाणी आणि त्याबरोबर सुटलेले दगड तिथूनच खाली येतात.

आता प्रसंग बघा. रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस पकडून दोघं पहाटे कल्याणला उतरलीत. ठरलंय खिरेश्वर. माळशेजची एसटी मिळाली. खिरेश्वरला जायचं तर घाट चढून पलीकडे खुबी फाट्याला उतरायचं. बेलपाड्यासाठी घाटाच्या अलीकडेच उतरावं लागतं. गाडी एकच. घाट सुरू व्हायच्या आधी नवरा उठतो, वरच्या फळीवरून सॅक काढतो आणि म्हणतो, "इथंच उतरू गं. नळीनं जाऊ, खिरेश्वरला गर्दी असती."

तिला माहीत आहे की या दिवसांत नळीने कुणी जात नाही. पण तसं म्हटलं की त्याचा पुढचा प्रश्न ठरलेला: "तुला काय माहीत?" ती उतरते. जीव धोक्यात घालणं तिला त्या एका प्रश्नाला उत्तर देण्यापेक्षा सोपं वाटतं. माझ्या मते तुमची कादंबरी या पायरीवर सुरू होते. तुमच्या हस्तलिखितात या वेळी दोघं वडापाव खात आहेत.

हा प्रसंग वाचकाच्या छातीत बसायचा असेल तर तिचं गुपित त्याला आधी माहीत हवं. तुम्ही इथेच अडखळलात. लपवाछपवी नवरा-बायकोत हवी होती, तुम्ही ती वाचकाशी केलीत. त्याला काहीच माहीत नाही, म्हणून बायको गप्प बसली की त्याला ती नुसतीच गप्प दिसते. विसाव्या पानाच्या आत तिचं अर्धं सांगून टाका: ती इथे आली होती आणि एकजण परत आला नाही. तो कसा पडला ते राखून ठेवा. नवऱ्याचं उलटं करा. त्याचं वागणं दाखवा, कारण दाखवू नका. तो नळीने जायचं का म्हणाला? काही हेतू होता, की इंटरनेटवर एखादा झकास व्हिडिओ पाहून तो भारावला होता? सोलापूरच्या कितीतरी हौशी नवऱ्यांच्या बाबतीत दुसरंच खरं असतं. दोन्ही शक्यता शंभर पानं जिवंत ठेवता आल्या तर तुम्ही जिंकलात.

आणि हो, त्यांना नळी पूर्ण चढवू नका. पहिल्या मोठ्या टप्प्याखाली पाण्याचा लोंढा बघून माघार घेऊ द्या. दिवस वाया गेला, अंग भिजलं, आता उलटं येऊन दुसऱ्या बाजूने चढायचं. खरी माणसं बहुतेक वेळा माघारच घेतात. आणि माघार घेताना भांडतात. कशावरून, तर टॉर्चचे सेल कोण विसरलं यावरून. डोंगरात नवरा-बायको खऱ्या कारणावरून भांडताना मी एकदाही पाहिलेली नाहीत. एका सप्टेंबरात टोलार खिंडीच्या वर धुक्यात आम्ही ढोरवाटांना भुललो आणि एकाच करवंदीच्या जाळीपाशी तीनदा येऊन पोचलो. आमच्यातलं एक जोडपं तेवढ्या वेळात चिवड्याची पुडी ओली कुणी केली यावरून इतकं भांडलं की मला दोघांना दोन टोकांना चालवावं लागलं. वर्षभराने कळलं की त्या दिवसांत त्यांच्या घटस्फोटाचं चाललं होतं. चिवडा बिचारा उगाच मध्ये आला.

आता सॅक. दोघांच्या सॅकमध्ये काय आहे याची यादी तुमच्याकडे हवी, छापायला नको, भिंतीवर लावायला. माणशी दिवसाला निदान तीन लिटर पाणी लागतं आणि लिटरमागे एक किलो वजन पडतं. दोर घेतलाय का? कुणाच्या पाठीवर? सोलापूरची बाई ट्रेकला निघाली तर डब्यात काय असेल? कडक भाकरी आणि शेंगाचटणी. याहून चांगलं खाणं डोंगरात नाही. कागदासारखी पातळ, वाळलेली, आठवडे टिकते, फक्त मोडू द्यायची नाही. माणशी दिवसाला चार धरा. दोन माणसं, तीन दिवस, २४ भाकऱ्या. पहिल्या दिवशी खायला बसताना नवरा डबा उघडतो आणि मोजतो. वीसच आहेत. शेवटच्या दिवशी एकाच माणसाचं जेवण तिने घेतलंय.

ज्याच्या स्वतःच्या मनात पाप आहे, तो या हिशेबाचा काय अर्थ लावेल ते लिहायला तुम्हाला माझी गरज नाही. खरं कारण मात्र साधं ठेवा. तो तिसरा दिवस म्हणजे मित्र गेला ती तारीख. त्या दिवशी ती दर वर्षी जेवत नाही. सहा वर्षं एका घरात राहून हे त्याच्या लक्षात आलेलं नाही. ही चार भाकऱ्यांची वजाबाकी तुमच्या सध्याच्या अकरा पानांच्या कबुलीजबाबाची जागा घेऊ शकेल. ती अकरा पानं मग काढून टाका.

वेळेचा हिशेबही कच्चा आहे. तुमची दोघं दुपारी तीनला पायथा सोडून पाचला वर पोचतात आणि वर चहा करतात. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक अडाखा सांगितला, तो अजून चालतो: सपाटीला पाच किलोमीटरला एक तास धरा आणि चढाईच्या दर ६०० मीटरला आणखी एक. नळीची चढाई हजार मीटरच्या वर आहे. या अडाख्याने कागदावर तीन तास येतात, प्रत्यक्षात धोंड्यांतून, पाठीवर ओझं घेऊन अख्खा दिवस जातो. हा फरक तुमच्या कामाचा आहे. नवऱ्याने घरी बसून कागदावरचे तीन तास धरलेत, बायकोला अख्खा दिवस माहीत आहे, आणि ती बोलू शकत नाही. अंधाराचंही तसंच. आपल्याकडे संधिप्रकाश लांबत नाही, सूर्य गेला की वीस-पंचवीस मिनिटांत वाट दिसेनाशी होते. घळीत तर ऊन कितीतरी आधी जातं.

भाषेबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण मराठीत रहस्य लिहिणाऱ्याकडे काही हत्यारं अशी आहेत की ती दुसऱ्या भाषेत नेता येणार नाहीत, आणि आपलेच लेखक ती वापरत नाहीत.

बायकोच्या फोनवरून तिच्या आईला मेसेज गेलाय: "गडावर पोचलो. आता झोपतो. काळजी नको." आई वाचते, दोघं पोचली. वाचकही तेच वाचतो. एकट्या बाईने लिहिलं असतं तर पोचले, झोपते असं आलं असतं. पण 'पोचलो' हे आम्हीसाठीही चालतं आणि एकट्या पुरुषासाठीही. म्हणजे हा मेसेज दोघांच्या वतीने तिने लिहिलेला असेल किंवा तिचा फोन हातात घेऊन त्याने एकट्याने. तीन वाक्यांत कुठेही खोटं नाही. दीडशे पानांनी एखादी महिला हवालदार तो मेसेज पुन्हा मोठ्याने वाचते आणि थांबते. यावरही एक कडी करता येईल. तिचं माहेर कोल्हापूरकडचं ठेवा. तिकडच्या बायका सर्रास मी आलो, मी जातो म्हणतात. मग हवालदारबाईंनी पकडलेला धागा तिची आईच तोडून टाकेल: "आमची पोरगी असंच बोलती की हो."

दुसरं हत्यार अहो-तूचं. सोलापुरातल्या त्या घरात सहा वर्षं ती नवऱ्याला अहो म्हणते, तो तिला अगं म्हणतो. तुमच्या पान २२ वर ती त्याला नावाने हाक मारते, पान २४ वर पुन्हा अहो. हा निष्काळजीपणा आहे, तो कामाला लावा. सप्टेंबरात भिजलेल्या अंगावर पठारावरचा वारा लागला की सह्याद्रीतही माणूस गारठून आजारी पडतो, त्याला हिमालय लागत नाही. अंगाचं तापमान ३५ अंशांखाली जायला लागलं की हुडहुडी भरते, बोटं ऐकत नाहीत, पाय अडखळतात, बोलणं बोबडं होतं, माणूस हट्टी होतो आणि आपल्याला काही झालंय हेच त्याला पटत नाही. पुढे हुडहुडी थांबते; सोबत्याला वाटतं बरं वाटायला लागलं, खरं तर प्रकृती बिघडलेली असते. तुमच्या मसुद्यात अशा ग्लानीत ती मित्राचं नाव घेते. हे शंभर ठिकाणी झालंय. नाव घेऊ देऊ नका. तिला एवढंच म्हणू द्या, "तू पुढं जाऊ नको रे, दगड ओला आहे." सहा वर्षांत ज्याने तिच्या तोंडून तू ऐकलेला नाही, त्याला नावाची गरज पडणार नाही.

तिसरं खास आपल्या गावचं. सोलापुरात मराठी माणसाच्या कानावर तेलुगू आणि कन्नड लहानपणापासून पडत असतं. यंत्रमागाच्या धंद्यात तर तेलुगू आलीच. नवरा कर्जाचं, हप्त्याचं फोनवर तेलुगूत बोलतो, बायकोला कळत नाही या समजुतीत. तिचं बालपण कुठल्या गल्लीत गेलं ते तुम्ही ठरवा. मात्र ज्या दिवशी तिला सगळं कळत होतं हे वाचकाला कळेल, त्या दिवशी मागची सगळी संभाषणं त्याने पुन्हा उघडून बघितली पाहिजेत. माहेर कोल्हापूर आणि हे, दोन्ही एकाच बाईला देऊ नका, एक निवडा.

फोनचं तुम्ही जे केलंय ते पाच वर्षांपूर्वी खपलं असतं. "रेंज गेली, आता नकाशाही नाही" हे चूक आहे. जीपीएस उपग्रहांवर चालतं, रेंजवर नाही. नकाशा आधी उतरवून घेतला असेल तर घळीबाहेर आकाश मोकळं मिळालं की ठिकाण दिसतं. बॅटरी संपते ती रेंज शोधण्यात. म्हणून जाणता माणूस फोन फ्लाइट मोडवर टाकतो. याचा फायदा घ्या. तिचा फोन संपलाय, वाट बघायला ती त्याचा घेते, आणि नकाशा उघडता उघडता विम्याच्या हप्त्याचा जुना मेसेज दिसतो. पॉलिसीचा कागद सॅकमध्ये सापडतो असं तुम्ही योजलंय, पण तो कागद गडावर कोण नेईल? सॅटेलाइट फोनने सुटका करणार असाल तर तेही सोडा. परवानगीशिवाय तो बाळगणं आपल्याकडे गुन्हा आहे.

विम्याचंही दुरुस्त करून घ्या. बायकोच्या नावाची पॉलिसी तिच्या सहीशिवाय निघत नाही. मग सही कुणाची? त्याने खोटी केली असेल तर तो पहिल्याच पानावर गुन्हेगार ठरला आणि तुमचं धूसरपण गेलं. मी सांगेन, सही तिचीच असू द्या. कर्जाच्या कागदांच्या गठ्ठ्यात, पेन्सिलने फुली मारलेल्या जागी, न वाचता केलेली. त्याने तिला सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही. अशा घरांची संख्या मी सांगायला नको. दुसरी गोष्ट, पैशासाठी काही घडवायचं असेल तर देह सापडावा लागतो. बेपत्ता माणूस मेला असं धरायला कायद्याने सात वर्षं वाट बघावी लागते. ज्याच्या दारात पुढच्या महिन्यात बँक उभी राहणार आहे, तो जिथून देह मिळणं मुश्कील तो कडा निवडेल का? हा प्रश्न तुमच्या इन्स्पेक्टरला पडू द्या, आणि नवऱ्याच्या बाजूने पडू द्या.

इन्स्पेक्टर कुठल्या ठाण्याचा, हेही तुम्ही मोघम ठेवलंय. नका ठेवू, तिथे मजा आहे. गड अकोले तालुक्यात, म्हणजे अहिल्यानगर जिल्हा. खाली बेलपाडा मुरबाड तालुक्यात, ठाणे जिल्हा. खिरेश्वर जुन्नरमध्ये, पुणे जिल्हा. माणूस एका जिल्ह्यातून पडतो आणि दुसऱ्यात सापडतो. आठ वर्षांपूर्वीची अकस्मात मृत्यूची नोंद एका ठाण्यात पडून आहे, आताची तक्रार दुसऱ्यात आलीय, आणि दोन्ही फायली एका टेबलावर येतच नाहीत. बायकोचं गुपित आठ वर्षं का टिकलं याचं हे अगदी सरकारी आणि म्हणून पटणारं कारण आहे. आणि गोष्ट १ जुलै २०२४ नंतरची असेल तर इन्स्पेक्टरच्या तोंडी ३०२ घालू नका. भारतीय न्याय संहितेत खुनाच्या शिक्षेचं कलम १०३ झालंय. जुना हवालदार सवयीने ३०२ म्हणेल, ते चालेल.

बारीकसारीक: पान १८ वर बिबट्या डरकाळी फोडतो. बिबट्याचा आवाज लाकूड करवतल्यासारखा असतो, आणि सह्याद्रीत तो तुम्हाला बघून बहुधा निघून जातो. भीतीच हवी तर कड्यावरच्या आग्या मोहोळाची दाखवा. धूर, अत्तराचा वास, एवढ्याने ते उठतं. पान २७ वर नवरा फुरसं चावलेल्या जागी चाकूने कापून विष चोखतो. कापायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही. हातपाय हलू न देता दवाखाना गाठायचा. पान २९ वरचे देवदार काढा. तुम्ही हिमाचलला जाऊन आलात हे कळलं.

तुम्ही विचारलंयत, गोष्ट सोलापूरच्या आसपास घडवता येईल का, म्हणजे सगळं डोळ्यांखालचं राहील. एखादं प्रकरण जरूर. नान्नजचं माळरान, माळढोकचं अभयारण्य. तिथे लपायला झाड नाही, गवत गुडघ्याएवढं, काळवीट आणि लांडगा दोघंही लांबून दिसतात आणि तुम्हीही त्यांना दिसता. ज्यांना काही लपवायचंय अशा दोन माणसांना सुरुवातीलाच तिथे एकदा चालवा. पण अख्खी गोष्ट तिथे घडवायला वेगळी कादंबरी लागेल.

तिसरं माणूस कमी आहे. पाचनईला किंवा खिरेश्वरला जेवण देणाऱ्या घरातला एक बाबा हवा, आठ वर्षांपूर्वी देह शोधायला दोर घेऊन घळीत उतरलेला. अशा वेळी पोलिसांच्या आधी गावातलीच माणसं उतरतात. तो तिला ओळखतो. पिठलं वाढताना तिच्याकडे बघतो, नवऱ्याकडे बघतो आणि गप्प बसतो. त्याने तिला नंतर एकटीला गाठून धमकावलं वगैरे नको. त्याने फक्त भाकरी वाढताना विचारावं, "ताई, या वेळंला कड्यावर जाणार का न्हाई?" 'या वेळंला' एवढंच. नवऱ्याच्या हातातला घास थांबला की नाही ते तुम्ही बघा.

कड्यावरचा प्रसंग मात्र बोलण्याने भरू नका. सकाळी ऊन पाठीमागून येत असताना, समोर कोकणात ढग भरलेले असले की तिथे कधीकधी इंद्रवज्र दिसतं, ढगावर पडलेल्या आपल्या सावलीभोवती गोल इंद्रधनुष्य. लोक ओरडतात, फोटो काढतात. फार थोड्यांच्या लक्षात येतं की दोघं खांद्याला खांदा लावून उभे असले तरी प्रत्येकाला ते वर्तुळ स्वतःच्याच डोक्याभोवती दिसतं. शेजारच्याची सावली दिसते, वर्तुळ नाही. नवरा म्हणतो, "बघ, माझ्याभोवती." ती म्हणते, "नाही, माझ्याभोवती आहे." दोघंही खरं बोलत असतात. यावर एक ओळही स्पष्टीकरण लिहू नका. लिहिलंत तर मी लाल पेनने खोडीन.

शेवट. कोणाला जिवंत ठेवू, असं विचारलंयत. माझं मत, दोघांनाही. कड्यावरून एकाला ढकलणं हा सगळ्यांना अपेक्षित शेवट आहे, आणि वर सांगितलेला विम्याचा हिशेब तो टिकूही देत नाही. दोघांना परत आणा. पहाटेची वेळ, सोलापूर स्टेशन, रिक्षावाल्यांचा गलका. घरी जायचं की कुठे, दोघांपैकी कुणीच बोलत नाही. रिक्षावाला विचारतो कुठं जायचं, आणि दोघं एकदम दोन वेगवेगळे पत्ते सांगतात, किंवा एकच सांगतात. ते तुम्ही लिहिता लिहिता तुम्हाला कळेल. डबा कुणाच्या हातात आहे आणि त्यात किती भाकऱ्या उरल्यात, हे मात्र आत्ताच मोजून भिंतीवरच्या यादीत लिहून ठेवा. नळीच्या माघारीत एक दिवस वाढला आहे, तो हिशेबात धरायला विसरू नका.